विकण्याआधी चकचकीत केलेला बास

“काका, डोन्ट माइंड, पण याचा पिकअप बदललाय,” ईशा म्हणाली आणि तिने बास मांडीवरून उचलून माझ्या टेबलावर ठेवला.

मेश्रामसाहेब उभे राहिले. एरवी ते शासकीय परिपत्रकासारखं मराठी बोलतात. भंडाऱ्याची बोली फक्त रागात बाहेर येते. ती आली.

“काहून बदलू मी पिकअप? चोर वाटलो का मी तुम्हाला?”

“चोर नाही म्हटलं मी. बदललाय म्हटलं.”

“एकच आहे ते!”

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर माझं गिटार आणि अ‍ॅम्प दुरुस्त करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. ते काढण्यापूर्वी मी एका तांत्रिक विद्यालयात शिकवत असे. त्यामुळे गिऱ्हाइकं मला सर म्हणतात, आणि मीही समजावून सांगितल्याशिवाय त्यांना सोडत नाही. जुन्या बासचे व्यवहार माझ्या टेबलावर करण्याची इथे पद्धतच पडली आहे. विकणारा वाद्य आणतो, घेणारा वाजवतो, मी तपासतो. वस्तू कशी आहे ते मी सांगतो. घ्यावी की नाही, ते सांगत नाही. त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्यावर थोडे थोडे नाराज असतात, आणि म्हणूनच विश्वास ठेवतात.

बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार. ती गाण्यात वाजत असताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बंद पडली की काहीतरी गेलं एवढं कळतं. काय गेलं, ते मात्र सांगता येत नाही. सरकारी खात्यात नोकरी करता करता मेश्रामसाहेबांनी हे काम भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रांमध्ये उमेदीची सगळी वर्षं केलं. निवृत्तीनंतर खांदा गेला. डॉक्टरांनी गळ्यात वजन घ्यायला मनाई केली, आणि हा जुना जपानी बास लाकडाच्या ओंडक्याइतका जड. विकायचं ठरलं. बाणेरचा एक कॅफेवाला तर लगेच न्यायला तयार होता. त्याला तो भिंतीवर टांगायचा होता. “वाजवणारा मिळाला तर देईन, नाहीतर त्याला बोलवीन,” असं मेश्रामसाहेबांनी मला फोनवर सांगितलं होतं. ते बोलवतील असं मला वाटलं नाही. पण बास पलंगाखाली सडण्यापेक्षा भिंत बरी, हेही त्यांना कळत होतं.

मग ईशा आली. खराडीला आयटी कंपनीत नोकरी, उरलेल्या वेळात बँड. महिन्याभरापूर्वी तिने कर्वेनगरला मेश्रामसाहेबांच्या घरी जाऊन हा बास वाजवला आणि जागीच होकार दिला. ऑफिसने मध्येच बंगळुरूला पाठवल्यामुळे ताबा घेणं लांबलं. शनिवारी तिच्या बँडचं रेकॉर्डिंग होतं आणि ते तिला याच बासवर करायचं होतं.

“तेव्हा आवाज कसा होता?” मी विचारलं.

“सर, धप्प. गोल. ढोलकीची डावी बाजू असते ना, तसा. आणि आता ऐका.” तिने तार छेडली. टण्ण करून आवाज झाला आणि बराच वेळ हटला नाही. “पियानो झालाय याचा.”

पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. बासचा कान म्हणा. जुन्या जपानी बासचा मूळ पिकअप काढून वेगळा विकायचा आणि त्याच्या जागी स्वस्तातला बसवायचा, असे प्रकार या धंद्यात होतात. आरोप माणसावर होता, म्हणून मी तपासणीची सुरुवात तिथूनच केली.

तारा सैल करून मी प्लेट, म्हणजे पिकअपभोवतीचं झाकण, उघडली. नवा सोल्डर, म्हणजे आतल्या विजेच्या तारा जोडणारा धातू, चमकतो. जुना राखाडी पडतो. इथले सगळे सांधे राखाडी होते, आणि त्यांवर धुळीचा अखंड थर होता. या धुळीला कित्येक वर्षांत कोणी बोट लावलेलं नव्हतं.

“पिकअप मूळचाच आहे,” मी म्हणालो. “ही धूळ पाहा.”

मेश्रामसाहेबांची निर्दोष सुटका झाली होती. पण ते धुळीकडे पाहून शरमले.

“आत राहिली वाटतं. बाकी मी सगळीकडून पुसला होता.”

“सगळीकडून म्हणजे?”

“म्हणजे काय? दुसऱ्याला वस्तू द्यायची तर नीट करून द्यावी माणसानं. बॉडीला पॉलिश केलं. बटणं काढून धुतली. तारांखालच्या लाकडी पट्टीला तेल लावलं. तारा तर काळ्याकुट्ट होत्या. त्या काढून नव्या लावल्या. चांगल्यातल्या आणल्या, आपण विचारा दुकानात.”

ईशाने डोळे मिटले. “काका. तारा बदलल्या तुम्ही?”

“पहिल्यांदाच बदलल्या. तुमच्यासाठी!”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. बासच्या तारेवर बाहेरून दुसरी तार गुंडाळलेली असते. ती गोल असेल तर बोटाला खरखर लागते आणि आवाज लखलखीत येतो. ती पट्टीसारखी चपटी असेल तर तार गुळगुळीत लागते आणि आवाज मऊ येतो. मेश्रामसाहेबांच्या जुन्या तारा चपट्या होत्या. अशा तारांत वर्षानुवर्षांचा घाम, बोटांचं तेल आणि मांडवांतली धूळ मुरली, की त्यांचा सगळा लखलखाट मरतो. मग जो आवाज येतो, त्यासाठी काही बासवाले तार तुटेपर्यंत बदलत नाहीत. दुकानात हा मळ विकत मिळत नाही. दुकानदाराने दिलेल्या नव्या तारा गोल गुंडाळीच्या आणि महाग होत्या. थोडक्यात, ईशाला ज्या वस्तूने मोहवलं होतं, नेमकी तीच मेश्रामसाहेबांनी सौजन्यापोटी काढून टाकली होती.

“सरळ कचऱ्यात गेल्या असतील ना?” ईशाचा आवाज पडला.

“कचऱ्यात कशाला टाकू? पोलादी तार आहे. घरी दिल्या.”

त्यांनी पत्नीला, सुनंदाताईंना, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“अगं, त्या काळ्या तारा कुठे आहेत?”

“गॅलरीत. दोडक्याचा वेल चढवला ना मी त्याच्यावर.”

“त्या परत लागतात.”

“आता? फुलं आली त्याला! तुम्हीच तं दिल्या होत्या, म्हणाले, काही उपयोगाच्या नाहीत.”

“आहेत उपयोगाच्या.”

“मग दोडक्याच्याबी आहेत.”

मेश्रामसाहेब हतबल झाले. खात्यातल्या भल्याभल्या फायली त्यांनी हलवल्या असतील, ही हलेना. ईशाने फोन हातात घेतला.

“काकू, मी ईशा. मी येते, आधी सुतळी बांधते, त्यावर वेल सरकवते आणि मगच तार सोडवते. एक फूल पडणार नाही.”

“सुतळी जाड आणजो,” सुनंदाताई म्हणाल्या.

दोघं स्कूटरवरून गेली. परत आली तेव्हा ईशाच्या नखांत माती होती आणि पिशवीत तीनच तारा होत्या. सर्वांत बारीक चौथी तार सुनंदाताईंनी मधोमध कापून नळाच्या पाइपला आवळली होती. पाणी गळायचं थांबलं असल्यामुळे त्या विषयावर चर्चा झाली नाही.

मी तारा उजेडात धरल्या. वेलाचे हिरवे तंतू अजून त्यांना घट्ट धरून होते. एका टोकाला गंज चढू लागला होता, पण वाजणारा भाग शाबूत होता. मेश्रामसाहेबांनी काढताना तारा कापल्या नव्हत्या, हे नशीब. काढलेली तार पुन्हा लावताना तुटण्याची भीती असते, म्हणून मी प्रत्येक खुंटी सावकाश फिरवली. चौथ्या जागी नवी तार राहू दिली.

“चालेल?” मी ईशाला विचारलं.

“तिच्यावर मी तशीही फारशी जात नाही.”

तिने बास मांडीवर घेतला. धप्प. पुन्हा धप्प. गोल, आखूड, मेलेला, सुंदर आवाज. मेश्रामसाहेब खिडकीकडे पाहत होते. पण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर तिच्या लयीत हलत होती.

“सॉरी, काका,” ती म्हणाली. “मी पिकअपचं उगाच बोलले.”

“असू द्या. कॅफेवाल्याला मी नाही म्हणून कळवतो.”

वाजवताना तिच्या बोटांना वेलाचा हिरवा चीक लागला. तिने पर्समधून रुमाल काढला आणि तारेकडे नेला.

“पुसू नका!” मेश्रामसाहेब जवळजवळ ओरडलेच.

शनिवारचं रेकॉर्डिंग झालं. मी ते ऐकलं. बास आहे हे फारसं लक्षात येत नाही, म्हणजे उत्तम झालं आहे. माझ्या तपासणीच्या क्रमात मात्र मी एक बदल केला. आता विक्रीसाठी कोणी वाद्य आणलं, की मी प्लेट उघडण्यापूर्वी विचारतो: विकायचं ठरल्यापासून आपण याचं काय काय भलं केलंत?