सफर म्हणजे जयगडची एसटी

जयगडची शेवटची गाडी बंद करायचा घाट डेपोने घातला, म्हणून मी रत्नागिरी स्टँडवर पत्रकं वाटत होते. मथळा माझाच होता : ‘प्रवासी हक्क मोहीम’. रोज त्याच गाडीसाठी बसणाऱ्या एका चाचांनी पत्रक हात लांब करून वाचलं. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही.

“मोहीम खंय गो? तू तर या बाकड्यावरून त्या बाकड्यावर फिरतेस.”

मी भडकले. “तुम्ही कुठे मोहिमा काढल्यात?”

“जहाजावर होतो. सिंगापूर, ब्राझील, सगळीकडे.”

“म्हणजे जगाची सफर केलीत की.”

“छे. ती नोकरी. कंपनी नेई, कंपनीच आणून सोडी. सफर ही, जयगडची. घरी पोचेन की नाय, ते डेपोलापण ठाऊक नसतं.”

असलं धारदार वाक्य आमच्या एकाही पत्रकात नव्हतं, याचा मला फार राग आला.

तेवढ्यात गाडी लागली आणि झुंबड उडाली. जागा धरायला चाचांच्या खिशात रुमाल सापडेना. त्यांनी माझ्या काखेतला पत्रकांचा गठ्ठा ओढला, खिडकीतून सीटवर फेकला आणि सावकाश चढले. गठ्ठ्याला कुणीही हात लावला नाही.

मी खिडकीखाली हात पसरून उभी राहिले. गठ्ठा परत देत ते म्हणाले, “उद्या गाडी नाय लागली, तर हा डेपोच्या सायबाच्या खुर्चीवर टाक. जागा धरून ठेव, मी येतोच.”