जशीबेनची आवड

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बरं, निदान चहा तोंडात असताना तरी हसू नका!

मी मूळचा साताऱ्याचा. डहाणूच्या शाळेत इतिहास शिकवायला येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. २०१७ सालची गोष्ट. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये आम्ही परिसराचं छोटंसं संग्रहालय मांडलं होतं. भाताची कणगी, जाळी, वारल्यांचं तारपा वाद्य, चिकूच्या टोपल्या आणि पेट्या. शिवाय भूगोलाच्या पटेलबाईंनी केलेला रेल्वेचा नकाशा. बटण दाबलं की घोलवडपासून दिल्लीपर्यंत एकेक दिवा लागत जायचा.

एवढ्यावर मी गप्प बसावं की नाही? छे! एका प्रशिक्षणातून मी नवं खूळ घेऊन आलो होतो. ज्याला जे आवडतं, तेच त्याला दाखवायचं! टॅबलेट विचारणार, 'तुम्हाला काय आवडतं?' हो म्हटलं की त्या वस्तूवर उजेड, नाही म्हटलं की तिथे अंधार. अख्खी दिवाळीची सुट्टी घातली मी त्यात.

पहिली पाहुणी आली जशीबेन. तलासरीकडची, गुजरातच्या हद्दीजवळची. घोलवडच्या वाडीत वीस वर्षं चिकू भरणारी. खास अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रश्न मीच वाचले.

"बेन, चिकू काढायला आवडतं?"

"आवडे ना!"

"पेटी भरायला?"

"ते तर डोळे मिटून आवडे!"

इथेच मला शंका यायला हवी होती. पण नाही आली.

"तारपा वाजवायला?"

"नाय. माझ्या बापाला आवडायचा."

"नकाशा वाचायला?"

ती लाजून हसली. "मने? नाय सर, ते कुठून आवडेल!"

झालं! नकाशावर अंधार. जशीबेन टोपली आणि पेटीसमोर उभी. कानाला हेडफोन, आणि चिकू कसा काढावा हे तिला माझ्या आवाजात समजावलं जातंय. तिने तिथला एक चिकू उचलून नखाने खरवडला. "सर, आ चिकू कच्चा काढलाय. आत हिरवा आहे."

मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, "बघा, कशी रमलीय!"

तेवढ्यात तिने हेडफोन काढला. "आणि तो दिवेवाला नकशो?"

"बेन, तो तुम्हाला आवडत नाही."

"हा, नाय आवडत."

"मग?"

"म्हणून तर बघायला आली!"

"अहो, आवडत नाही ते कशाला बघायचं?"

"आवडते ते कशाला बघू? ते तर रोज करते!"

मला वाटलं हिचं काहीतरी बिघडलंय, आणि मुख्याध्यापिकांना वाटलं माझं. जशीबेनचे डोळे भरून आले. "दोन वाजता कामावर हजर व्हायचंय. जाते," म्हणत तिने पिशवी उचलली.

पटेलबाई पोट धरून हसत पुढे आल्या. "अहो सर, गुजरातीत आवडणं म्हणजे येणं, जमणं! नकाशा वाचता येतो का, असं विचारत होतात तुम्ही तिला!"

चार वर्षं मी बाजारात सगळ्यांना सांगत होतो, "मला गुजराती फार आवडते." भाजीवाल्या माझ्याशी धडाधड गुजरातीत का बोलतात, ते त्या दिवशी कळलं.

पण खरं सांगू? मला हसू नाही आलं. लाज वाटली. वीस वर्षं पेट्या भरणाऱ्या बाईला एकदाच बघायचं होतं, त्या रेल्वेने जातात कुठे. आणि मी तिला पुन्हा पेटीसमोरच नेऊन उभं केलं. वर म्हणतो, ही तुमची आवड!

तिला थांबवलं आणि धावत जाऊन नकाशाचं बटण दाबलं. सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा. प्रत्येक दिव्यामागून तिचं बोट सरकत होतं. दिल्लीवर थांबलं.

"एवढा लांब?" ती हळूच म्हणाली. "म्हणून मुकादम बोलतो, दोरी घट्ट बांध."

मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "सर, आ मशीन तुम्ही बनवली? तुम्हाला बहु आवडे!"

"नाही हो बेन," मी म्हटलं. "मला मराठीत आवडतं. गुजरातीत नाही आवडत!"