कालच्या जुडीशेजारी

मी शिकलो तो माझ्या आत्यामुळे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. वडनेरच्या बाजारात भाजी विकून मला घरातला पहिला पदवीधर केलं.

वर्ध्याच्या कॉलेजात मी क्वांटम डॉट्सवर काम करत होतो. हे डोळ्यांना न दिसणारे स्फटिककण. जांभळा प्रकाश टाकला की लाल चमकतात. जवळ चांदीचे सूक्ष्म कण असले तर चमक वाढते, पण चांदी अगदी चिकटली तर तीच प्रकाश गिळते. म्हणून मध्ये काचेसारखा पातळ थर द्यावा लागतो. तो जमायला मला वर्ष लागलं. मग एका सकाळी चांदीवाल्या नमुन्याची चमक चांदी नसलेल्या साध्या नमुन्याच्या तिप्पट भरली. माझ्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंध लिहायला घेतला. मी आत्याला फोन केला, तिने बाजारभर पेढे वाटले. लोक तिला थट्टेने 'चांदीवाली' म्हणू लागले.

पुढच्या बाजाराला मी गावी जाऊन तिच्याजवळ बसलो होतो. शेजारच्या भाजीवाल्याने कालची मलूल मेथी आजच्या जुडीला लागून मांडली. त्याला ऐकू जाईल अशा बेताने आत्या म्हणाली, "पाह्य बापू, याची मेथी हिरवी नाई. बाजूची सुकली म्हणून हिरवी दिसून राह्यली."

तो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या साध्या नमुन्याची बाटली कित्येक दिवस खिडकीत, उन्हात उभी होती, आणि उन्हाने डॉट्सची चमक मंदावते. चांदीवाला नमुना मात्र ताज्या डॉट्सचा होता.

परत जाऊन साधा नमुनाही ताजा केला, मोजला. फरक जवळजवळ नव्हताच. दोन दिवस सर निबंधासाठी आकृत्या कधी देतोस विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी जुना आणि नवा, दोन्ही आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले. आलेख निरखून ते म्हणाले, "पाठवण्याआधी सांगितलंस, बरं झालं." पण माझ्याकडे पाहिलं नाही.

आत्याला फोनवर सांगवेना. ती चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचते. तिला लिहिलं:

"आत्या, नमस्कार. तू ज्याचे पेढे वाटले ते काम खरं नाई निघालं. मी कालच्या जुडीशेजारी आजची मांडली. मुद्दाम नाई, पण मांडली. सरांले सांगितलं. बाजारात लोक तुले हसतील, ते माझ्यामुळे. कोणी विचारलं त असंच सांगजो, लपवजो नको. काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी दोन्ही बाटल्या एकाच दिवशी भरल्या, अंधारात ठेवल्या. चमक वाढंल का नाई, मले माहीत नाई. तुझा, बापू."