पकडीनं दाबलेली टोपी

बातमी आली तेव्हा मी गढा भागातल्या आमच्या दुकानात शटरच्या पट्टीला तेल देत होते. फोनवर माझा नवरा अरुण होता. "दादा गेले गं," एवढंच म्हणाला. मी दुसऱ्या बाजूच्या पट्टीलाही तेल दिलं, शटर ओढलं आणि घरी निघाले. त्यानंतर शोकसभेत आणि दारावर मी खूप ऐकलं. मुकुंदभाऊजी, म्हणजे माझे भासरे, अरुणचे थोरले भाऊ, शिस्तीचे होते, हाताचे कसबी होते, मनाचे मोठे होते. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीबद्दल मला बोलायचं आहे, कारण मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.

हत्यारांच्या सरकारी फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर भाऊजींनी परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान काढलं. अरुण त्यांच्या हाताखाली, मी काउंटरवर. गिऱ्हाईक बहुतेक कुंडमकडचे शेतकरी, पिकाच्या राखणीसाठी जुन्या टोपीदार बंदुका बाळगणारे. ही बंदूक नळीच्या तोंडातून भरायची. मागे छोटी पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसते आणि वरून घोडा, म्हणजे बंदुकीची छोटी हातोडी, आपटला की ठिणगी आत जाते. वर्षानुवर्षं लहान टोप्या मिळायच्या. मग त्या मिळेनाशा झाल्या आणि मोठ्या, पसरट कडेच्या टोप्या येऊ लागल्या. लहान निपलवर मोठी टोपी ढिली बसते. सरळ काम होतं, निपल बदलायचं आणि घोड्याच्या तोंडाची खोबण नव्या टोपीला झाकेल एवढी करायची. भाऊजींनी पक्कड काढली. टोपी दोन्ही बाजूंनी दाबून चपटी केली, लहान निपलवर चढवली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "ऐसे ही दबा के लगाना, भैया. बंदूक वही, टोपी नई."

मी म्हटलं, "भाऊजी, निपलच बदलू ना. घोडा टोपीला झाकून नाही राहिला."

"काहून बदलायचं? आजोबा-पणजोबांच्या काळचं लोखंड आहे हे. तू कुकरची शिट्टी बदल, शोभा."

अरुण हसला. दादा बोलले की हसायचं, अशी त्यांच्या घरची रीत होती.

दुरुस्त केलेली बंदूक परत देण्याआधी रिकाम्या नळीवर नुसती टोपी वाजवून पाहतात. एका सकाळी अरुणनं मागच्या अंगणात तशी वाजवली. पहिल्या घावाला नुसतं खट्ट झालं, कारण चपटी टोपी पुरती बसलीच नव्हती. घावानं ती फक्त खाली सरकली. "वाजव आणखी," भाऊजी म्हणाले. दुसऱ्या घावाला टोपी फुटली आणि खोबणीबाहेर राहिलेल्या कडेचा तुकडा अरुणच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा राहिला, नजर गेली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच भाऊजींनी निकाल दिला, "तोंड जवळ नेलं त्यानं. फॅक्टरीत असता तर मेमो मिळाला असता." पुढे सगळ्या नातेवाइकांना त्यांनी हेच सांगितलं आणि हळूहळू अरुणही हेच सांगू लागला... मीच वाकलो होतो, माझंच चुकलं. मला राग याचा आहे. नजर याची गेली, वर दोषही यानंच घेतला, आणि ज्याला खरं माहीत होतं तो समोर बसून चहा पीत होता.

एका दसऱ्याला, दुकानातल्या हत्यारांची पूजा झाल्यावर, मी सगळ्यांदेखत म्हटलं, "भाऊजी, आज एकदा म्हणा की टोपी चुकीची बसवली. मला नको, त्याला म्हणा."

"सणासुदीचं काहून तोंड खराब करून राहिली बाप्पा?" त्यांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मी ती परत त्यांच्या ताटात टाकली. त्यानंतर दुकानातली निपलं मी बदलू लागले. ते खुर्चीतून म्हणत, "अच्छा! मिस्त्रीणबाई!" शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मीच केलं, औषधं वेळेवर, भात मऊ. अरुण उशाशी बसलेला असायचा. ते त्याच्याकडे बघत, तोंड उघडत... आणि पाणी मागत.

मागच्या आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची होती. महाराजपूरच्या त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून मी ती काढली आणि वर टोपी चढवलेली नाही ना ते पाहायला घोडा उचलला. खाली मोठ्या टोपीचं निपल होतं. घोड्याची खोबण मोठी केलेली, कडा कानशीनं साफ केलेल्या. धुराचा डागसुद्धा नाही, बदलल्यापासून एकदाही वाजवलेली नाही. अपघाताआधी हीच बंदूक हातात घेऊन ते गिऱ्हाइकांना पक्कड कशी लावायची ते दाखवत. तेव्हा तिला लहानच निपल होतं, हे काम नंतरचं. म्हणजे भाऊजींना चूक कळली होती. बंदुकीची दुरुस्त केली, कपाटाला कुलूप लावलं, आणि भावाला वाकल्याबद्दल बोलत राहिले.

मी ती अरुणच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "बघ." त्यानं मान वळवून चांगला डोळा तिच्यावर आणला. खोबणीतून अंगठा फिरवला, निपलवर बोट टेकवलं. मला वाटलं, आता तरी चिडेल.

"किती सरळ बसवलंय गं," तो म्हणाला. "दादांचा हात काही हलला नाही."

मी बंदूक त्याच्या मांडीवरून उचलली, खोळीत घातली, कागद घेतले आणि ऑटोवाल्याला हाक मारली.