मांडी घालून बसल्याचा अलार्म

"हात वर! दोघांचेही!" क्राउझे दारातून ओरडले. माझ्या हातात पोळीचा घास होता. तोही वर गेला.

आम्ही जर्मनीत, येना शहरात, फ्राउ लिंडनर यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी होतो. आजी ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमची कंपनी फॉल सेन्सर बनवते. म्हणजे छताला लावायची एक डबी. कुणी जमिनीवर न हलता राहिलं, की ती शेजाऱ्याच्या फोनवर अलार्म पाठवते. मग शेजारी किल्ली घेऊन धावत येतो. आजींची किल्ली खालच्या मजल्यावरच्या क्राउझेंकडे होती.

माझ्याबरोबर केतकी होती. नाशिकची, इथं मास्टर्स करणारी, त्याच बिल्डिंगच्या मागच्या होस्टेलवर राहणारी, आमच्याकडे वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारी. तिला यायचंच नव्हतं. "सर, त्या बिल्डिंगच्या दारावर 'परत जा'चे स्टिकर आहेत."

"अगं, आजी आहे ती. खाणार आहे का तुला?" मी म्हणालो. माझं काय जातंय? माझ्याकडे इथं राहण्याचा कायमचा परवाना आहे.

डबी बसवली, सुरू केली. आजींनी श्रवणयंत्र काढून ठेवलं आणि खुर्चीत डोळे मिटले. टेबलावर त्यांची औषधं पसरलेली, म्हणून मी गालिचावर मांडी घालून डबा उघडला. केतकीही बसली. मोबाईलवर मॅचची शेवटची ओव्हर होती. दोघंही घास हातात धरून पुतळ्यासारखे.

आणि आता दारात क्राउझे. सत्तरीचे, लालबुंद, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात फोन. "काय केलंत तिला?" आजींची मान एका बाजूला कललेली.

माझं जर्मन ऐन वेळी पळालं. "आल्झो... आम्ही... जेवतोय."

"जमिनीवर?" त्यांनी पोलिसांना फोन लावला.

केतकी पांढरीफटक पडली. "सर, सोमवारी माझी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. चौकशी लागली तर एक्स्टेन्शन अडकेल. मला परत जावं लागेल." मी तिला धीर देणार होतो, पण माझा घासाचा हात अजून वरच होता.

दोन पोलीस आले. त्यांतल्या बाईंनी खांदा हलवल्यावर आजी जाग्या झाल्या, खोलीभर माणसं बघून घाबरल्या आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे कोण?"

संपलं, मला वाटलं.

पोलीसबाईंनी क्राउझेंना विचारलं, "तुम्ही वर का आलात?"

"फोनवर आलं. माणूस जमिनीवर आहे म्हणून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबीला माणूस ओळखायला आम्ही जर्मन घरांत शिकवलं होतं. तिथं जमिनीवर दिसणारा माणूस पडलेलाच असतो. मांडी तिनं बघितलीच नव्हती. आणि शिकवणारा मास्तर पुण्याचा, म्हणजे मीच!

"मी बसून दाखवतो," म्हणालो आणि बसलो. सगळ्यांची नजर क्राउझेंच्या फोनवर. फोन गप्प. भीतीनं माझे गुडघे लटपटत होते, आणि हलतंय ते ठीक आहे, असंच डबी समजते.

"सर," केतकी दात आवळून म्हणाली, "जरा मेल्यासारखे बसा ना!"

मी श्वास रोखला. फोन किंचाळला.

पोलीसबाई हसल्या. नोंद काही केली नाही. केतकी जिन्यात बसून रडली. क्राउझे म्हणाले, "इथं जमिनीवर कुणी बसत नाही." माफीबिफी नाही.

केतकीचं एक्स्टेन्शन झालं. पुढे काही महिन्यांनी डबीसाठी खुद्द क्राउझेंचाच फोन आला. बाथरूममध्ये घसरले होते.

"किल्ली कुणाकडे ठेवणार?" मी विचारलं.

ते मोठ्यानं एकेक नाव खोडत गेले. मुलगा हाम्बुर्गला, लिंडनरबाईंना जिना झेपत नाही. मग म्हणाले, "ती मुलगी मागच्या होस्टेलवर राहते ना?"

केतकीनं ऐकून घेतलं. "किल्ली घेईन, सर. पण मी त्यांचं दार उघडताना कुणी पोलीस बोलवायचे नाहीत. त्यांनी मला आधी प्रत्येक घरी नेऊन सांगायचं, हिच्याकडे माझी किल्ली आहे."

गेनाऊ, अगदी बरोबर, क्राउझे म्हणाले, आणि काठी टेकत तिला घेऊन दारोदार फिरले. दुसऱ्या मजल्यावरचं एक दार मात्र उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. त्या दारावरून जाताना केतकी अजूनही किल्ली मुठीत घट्ट धरते, वाजू नये म्हणून.

डबीला आता मांडी कळते. मी मात्र गिऱ्हाइकाकडे डबा उभ्यानंच खातो.