शाळेच्या पट्टीचे दोन रूळ

रिमोटवर चालणारी बोट आता आमच्या कपाटावर असते, खाली जुनी चादर घातलेली. माझे मिस्टर रोज सकाळी एकदा तिच्याकडे बघतात आणि मग पेपर उघडतात. रिमोट आता त्यांच्या हातात राहत नाही. मागच्या हिवाळ्यात राहत होता, कसाबसा.

हे बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी आदिलाबादला मराठी शाळेत शिकवत होते. शनिवारी संध्याकाळची बस आणि सोमवारी पहाटेची बस, एवढ्यात आमचा संसार झाला. रविवारी ते घरातलं मोडलेलं सगळं दुरुस्त करायचे. आठवड्यात काही मोडलं नसेल तर मी मुद्दाम मिक्सरचा स्क्रू ढिला करून ठेवायची, म्हणजे माणूस दिवसभर घरी बसेल. ते रविवार मला अजून हवेसे वाटतात.

रिटायर झाल्यावर त्यांना रिमोटच्या बोटींचं वेड लागलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, हातभर लांबीचा फायबरचा सांगाडा मागवायचा, मोटर मागवायची आणि जेवायला हाक मारली की "आलो" म्हणून तासभर यायचं नाही. त्यातच त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "एक डाव ही बोट तलावाच्या त्या काठाले लावून वापस आणतो, माह्या हातानं. मंग हात जाऊ दे कुठं जायचा तिथं." मला रडायला येत होतं आणि बसमध्ये रडायची मला लाज वाटते.

आता या बोटीतली मेख अशी की मोटर सरळ तळाला चिकटवता येत नाही. तळावर दोन समांतर पट्ट्या गोंदाने पक्क्या बसवायच्या आणि त्यांच्यावर मोटर धरणारा धातूचा कंस स्क्रूने आवळायचा. त्या पट्ट्यांना माझे मिस्टर रूळ म्हणत. रूळ केसभर हलले तरी पाण्यातल्या पंख्याचा दांडा तिरका होतो आणि बोट थरथरून बंद पडते. व्हिडिओवाले कार्बनच्या तयार पट्ट्या लावतात. पण आमच्या फिटरसाहेबांना तयार माल म्हणजे अपमान. "रूळबी विकतच आनू, तं मी काय निस्ती बॅटरी चार्ज करू?"

पहिले रूळ केले पोनिकीच्या लाकडाचे. निर्मल गावची प्रसिद्ध खेळणी त्याच लाकडाची होतात. आमच्याकडे कोणालाही हलकं लाकूड म्हटलं की तेच आठवणार, दुसरं सुचतच नाही. फुलासारखं हलकं, कापायला सोपं. पण शोकेसमध्ये बसणाऱ्या पोपटाला आणि धडधडणाऱ्या मोटरला एकच लाकूड कसं चालेल? पाणी पिऊन ते फुगलं, स्क्रूच्या जागा भुसभुशीत झाल्या आणि बोट तलावाच्या मध्यावर जाऊन गप्प बसली. मासे धरणाऱ्या एका माणसाने ती होडीतून आणून दिली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग खिडक्या बसवणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा आणला. दिसायला झकास, पण गुळगुळीत धातूला गोंद धरेना. मोटर तापली आणि अख्खा रूळ सुटून हातात आला. नंतर वखारीतून सागाची पातळ चीप आणली. ती ओली निघाली आणि आठवडाभरात केळ्यासारखी वाकली. हिवाळा सरत होता. चहाची कपबशी हे आता दोन्ही हातांनी धरत होते.

आणि माझ्या घरात दाराआड एक मीटर लांब, जुना, सरळ, खडखडीत वाळलेला साग उभा होता. माझी शाळेची पट्टी!

मी नोकरीला लागले त्या वर्षी हेडसरांनी गावातल्या सुताराकडून ती करून घेतली होती. तिच्यावरच्या खुणा आणि आकडेही त्यानेच ब्रशने काढलेले, काळ्या रंगात, मराठीत. ती फळ्याला टेकवून मी किती पिढ्यांना सेंटीमीटर शिकवले याचा हिशोब नाही. पुढे पोरं तेलुगू आणि इंग्रजी शाळांत गेली, आमचे वर्ग ओस पडले आणि मराठी शाळा बंद झाली. सामानाची यादी करणाऱ्या क्लार्कने पट्टी यादीत धरलीच नाही. मी ती काखेत मारून भर रस्त्याने चालत घरी आले. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं होतं.

हे पट्टीकडे चोरून बघतात हे मला दिसत होतं. मागायची हिंमत नाही, असं मी समजत होते. माझ्या धाकात आहेत म्हणून मनातल्या मनात थोडी सुखावतही होते. शेवटी मीच पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"घ्या. कापा."

"नाई. ते राहू दे," ते घाईने म्हणाले.

"काऊन? माह्या पट्टीत काय खोट हाये?"

त्यांनी हत्यारांची पेटी माझ्याकडे सरकवली. त्यांच्या हाताने करवत सरळ चालणार नव्हती, म्हणून मीच बसले. पट्टीवरचेच आकडे धरून पंधरावर कापलं, तीसवर कापलं. दोन रूळ झाले. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायची बाजू थिनरने पुसून पॉलिश पेपरने घासली. "आकड्याची बाजू घासू नको, वरतं दिसू दे," एवढंच ते म्हणाले. मग पट्टीच्याच खुणांवर भोकं पाडली. एकात चारवर आणि दहावर, दुसऱ्यात एकोणीसवर आणि पंचवीसवर. कंस ठेवला. तीन भोकं बसली. चौथं अर्धं सूत बाजूला.

"ड्रिल सरकली असंन," हे म्हणाले आणि लगेच कानस हातात घेतली.

माझी ड्रिल सरकली नव्हती. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई मी, मला असं कोणी गुंडाळू शकत नाही. त्यांची स्टीलची पट्टी ओढली आणि माझ्या तुकड्यांवर ठेवली. पहिल्या तुकड्याचे आकडे बरोबर होते. दुसऱ्यात विसानंतर सुताराचं माप चुकलं होतं. पुढचे सगळे सेंटीमीटर आखूड.

म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना खोटे सेंटीमीटर शिकवले. त्यातले कितीतरी आज गवंडी असतील, मिस्त्री असतील. वर पाहिलं तर हे खाली मान घालून भोक कानसत होते. आश्चर्याचा मागमूसही त्यांच्या तोंडावर नव्हता.

"तुमाले माईत होतं?"

कानस थांबली. "हो."

"कवापासून?"

"तू पट्टी घेऊन घरी आली, त्याच दिवशी मोजली. सवय हाये हाताची."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"शाळा बंद करून आली होतीस. दोन दिवस जेवली नाईस. आनखी काय सांगू तुले?"

मला राग आला. सुताराचा नाही, यांचाच. ती पट्टी मिळाली असती तर बोट महिनाभर आधीच तयार झाली असती. हात तेव्हा आणखी चांगला होता. पट्टीतली चूक मला कळू नये म्हणून हा माणूस हाताचे दिवस घालवत बसला आणि मी समजत होते की मला घाबरतो. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहा केला, यांच्यापुढे ठेवला आणि गोंदाची बाटली उघडली.

रूळ चिकटले ते दगडासारखे. रविवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. हे बांधावर बसले, कोपर गुडघ्याला टेकवून त्यांनी रिमोट धरला. बोट वेडीवाकडी गेली, पण गेली. समोरच्या काठाच्या गवताला तिचं नाक लागलं तेव्हा मी शाळेतल्यासारखी टाळी वाजवली. बोट परत येताना यांचा हात फार हलायला लागला. माझा हात पुढे गेला, तसं ते "नको" म्हणाले. मी हात मागे घेतला. त्यांचे डोळे आता बोटीवर नव्हतेच, स्वतःच्या अंगठ्यावर होते.

"किती राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"एक मीटर."

"कोनता मीटर? तुहा का खरा?"

"माहा," मी म्हणाले, आणि बोट काठाशी धरायला चपला काढून पाण्यात उतरले.