समोरच्याचा माइक

गुरुवारी दुपारी ते तळघरात कोसळले आणि गेले. शनिवारी त्यांची मुलगी त्यांच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून येणार होती.

“आधी समोरच्याचा माइक लावा,” या त्यांच्या वाक्यानेच आमचं प्रत्येक रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. स्टुडिओ म्हणजे अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या त्यांच्या घराचं तळघर. आवाजाचं काम मी बघायचो. पाहुणा बसला की आवाज तपासायला ते विचारत, “काय जेवलात?” भांडायच्या तयारीने आलेला माणूसही पोहे की सँडविच ते सांगू लागे. मग हे हसत आणि त्याच्यावर तुटून पडत.

पूर्वी ते नव्या टेक कंपन्यांत पैसे गुंतवत. “पैसे मागणाऱ्या पोरांना ‘नाही’ म्हणता म्हणता कंटाळलो. आता सरकारला म्हणतो,” असं सांगत त्यांनी स्वतःचं चॅनल काढलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जातील तिथे वाद. गणेशोत्सवात त्यांनी बोलू नये म्हणून मंडळाने त्यांना वाढायला उभं केलं, तर रांग निवडणुकीवर अडली. शेवटी एक काकू म्हणाल्या, “अहो, तुमचं मत राहू द्या, मसालेभात वाढा!” ते खजील झाले. काकूंना दोन डाव जास्त मिळाले.

मुलगी ॲन आर्बरला विद्यापीठात शिकवते. एका भागात हे बोलून गेले की विद्यापीठातले लोक फुकटचा पगार खातात. तिने फोन घेणं बंद केलं.

“तेवढं एडिट करू या,” मी म्हटलं.

“बोललेलं पुसायचं नाही. तिने इथे येऊन मला खोडून काढावं.”

मग दर आठवड्याला ते तिला बोलावत राहिले. पाहुणा नसला तरी समोरचा माइक लावायला सांगत. अखेर तिचा मेसेज आला, “ओके बाबा, सॅटरडे.” तो त्यांनी मला वाचून दाखवला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

गुरुवारी ते तिची खुर्ची खालीवर करून बघत होते. “तिची पाठ दुखते हो,” म्हणाले. ते त्यांचं शेवटचं बोलणं.

शनिवारी अंत्यविधी उरकून ती तळघरात उतरली. “विच वन इज माइन, काका?”

मी खुर्ची दाखवली. सवयीने माइक सुरू केला आणि तोंडून निघून गेलं, “काय जेवलीस?”

“नथिंग, काका.”

ती खुर्चीत बसली. मग माइककडे वाकली.

“यू आर राँग, बाबा.”

एवढंच रेकॉर्डिंग आहे. ते मी पुसलेलं नाही.